रिकामी वाटी

सून हिमानीचं एक वागणं मालूबाईला मुळीच खपत नसे. सासूला शुगर काय निघाली, हिने घरातली जिलेबी बंद केली आणि रोज सकाळी वाटीभर उकडलेलं सोयाबीन पुढ्यात आणून ठेवू लागली. वर रिकाम्या वाटीचं कौतुक साऱ्या फोपनार गावाला सांगत फिरायची. मालूबाईही मान ताठ करून म्हणायची, "पानात टाकायची आमच्या खानदानात रीत नाही."

आज तिचा लाडका कुत्रा भुऱ्या सकाळपासून ओट्यावर कण्हत पडला होता. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, हात लावू देईना.

जनावरांच्या डॉक्टरांनी कसंबसं पोट चाचपलं. "नुसता गॅस धरलाय, की केळीच्या घडावरची प्लास्टिकची पिशवी गिळलीय? काय खाल्लं ते कळलं नाही, तर बुरहानपूरला नेऊन पोट चिरावं लागेल."

"आईच चोरून जिलेबी चारत असतील," हिमानी म्हणाली.

"जिलेबी असती तर मीच नसती खाल्ली?" मालूबाई फणकारली खरी, पण नजर भुऱ्याच्या पोटाकडे गेली. बोलावं तर इज्जत जाते, न बोलावं तर भुऱ्या जातो. भुऱ्याने कण्हत कण्हत तिच्याच पायावर डोकं टेकवलं.

मालूबाईने पदर सावरला.


"चिरू नका डॉक्टरसाहेब, रोजची वाटी हाच चाटून पुसून ठेवतोय. आणि हिमानी, जे कुत्र्याला पचत नाही, ते तू सासूला वाढत होतीस."