पुस्तकातला ड्रायव्हर

लेखिका स्वतः येऊन बसल्यामुळे खोलीत कुणाला धड तोंड उघडवत नव्हतं.

यंदा विद्यापीठाने सगळ्यांना एकच पुस्तक वाचायला दिलं होतं. पहिल्या वर्षाच्या पोरांपासून ऑफिसातल्या कारकुनांपर्यंत सगळ्यांना, आणि मग गट पाडून चर्चा. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर हा गट गोल करून बसला होता, प्रत्येकाच्या मांडीवर तेच पुस्तक. एका आईने लिहिलेलं. तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सायकलवरून घरी येताना ट्रकने उडवलं, त्याची हकिगत.

दाराजवळच्या खुर्चीतल्या मुलीचं ते पुन्हा पुन्हा वाचून झालं होतं. पुस्तकात ज्याला नावच नाही, नुसता ‘ड्रायव्हर’ म्हटलंय, तो तिचा बाप होता. हे तिथे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

“मी नाहीच असं समजा,” लेखिका खिडकीपाशी बसताना म्हणाल्या होत्या. पण त्या होत्या.

“मी शिकवते रसायनशास्त्र,” गट सांभाळणाऱ्या मॅडम म्हणाल्या. “पुस्तकांतलं मला फारसं कळत नाही. तेव्हा बाबांनो, तुम्हीच बोला.”

थोडं हसू फुटलं. जॅकेट घातलेला एक मुलगा पुढे सरसावला. “मला तर त्या ड्रायव्हरची चीड येते. म्हणे डोळा लागला! झोप येत होती तर गाडी बाजूला लावायची ना. आणि शिक्षा केवढीशी. आता मजेत ट्रक पळवत असेल कुठेतरी.”

दोघातिघांनी माना डोलावल्या. मुलीने पुस्तकाच्या कडेत अंगठ्याचं नख रुतवलं. बाबा आता एका गोदामात कामाला होते. बसमध्येसुद्धा पुढच्या सीटवर बसत नव्हते.

“तू काहीच बोलली नाहीस,” मॅडम तिला म्हणाल्या.

“मी ऐकतेय.”

“मग निदान वाच तरी. कोर्टातला तो शेवटचा भाग. मोठ्याने, हं.”

नाही म्हणायला कारण सुचेना. तिने पान काढलं. “‘निकालानंतर ड्रायव्हर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. काहीतरी सांगू लागला. मी तोंड फिरवलं. त्याला काय म्हणायचं होतं ते मला ऐकायचं...’”

ती मध्येच थांबली.

“काय गं, काय झालं?”

“मॅडम, ते माझे बाबा आहेत.”

आधी कुणाला अर्थच लागला नाही. मग शेजारच्या मुलीने आपली खुर्ची हळूच थोडी पलीकडे घेतली. मॅडम घाईघाईने उठल्या. “आपण... मला वाटतं, आज इथेच थांबू या.”

“बसा मॅडम,” लेखिका म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण मॅडम बसल्या. लेखिकांनी मुलीकडे नीट पाहिलं. “त्याने पाठवलं तुला?”

“नाही. त्यांना हे पुस्तक निघालंय तेच माहीत नाही. मी घरी नेलंच नाही.”

“मग त्याची बाजू मांडायला आलीस?”

“नाही. चूक त्यांचीच होती. ते स्वतः तेच म्हणतात.”

हातातला चष्मा लेखिकांनी पदराला पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही. “काय सांगायचं होतं त्याला?”

मुलीने पानाकडे पाहिलं. पुढचं तिने मोठ्याने वाचलंच नव्हतं. “तुम्ही लिहिलंय, ऐकायचं नव्हतं. आजही नाही, असं.”

“मी काय लिहिलंय ते मला पाठ आहे. विचारलं तेवढं सांग.”

सांगितलं तर आपण या बाईंचं काय करून बसू, हे मुलीला कळत नव्हतं. पण आता न सांगणंही शक्य नव्हतं.

“बाबांनी तुमच्या मुलाला उचलून ट्रकमध्ये पुढे, आपल्या शेजारी बसवलं होतं. दवाखान्यात नेताना. तो... तो बोलला होता.”

“नाही.” लेखिका ताडकन म्हणाल्या. “त्याला शुद्धच नव्हती. डॉक्टरांनी सांगितलंय मला. काही कळलं नाही त्याला.”

“होती थोडा वेळ. दवाखान्याचं फाटक येईपर्यंत. कोर्टात ते कुणी विचारलं नाही.”

लेखिकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“दुखतंय म्हणाला?”

“नाही.”

“मला हाक मारली?”

मुलीला खोटं बोलता आलं असतं. हो म्हटलं असतं तर सगळ्यांनाच बरं वाटलं असतं.

“नाही,” ती म्हणाली. “‘काका, काच खाली करा,’ म्हणाला. तेवढंच. दोनदा.”

लेखिकांनी मान खाली घातली. मॅडमनी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांना दिसलाच नाही.

“त्याला गाडी लागायची,” त्या म्हणाल्या, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. “लहानपणापासून. खिडकीशी बसवलं नाही तर रडून गोंधळ घालायचा.”

मग त्यांनी वर पाहिलं.

“केली होती का गं त्यांनी खाली?”

“हो.”

“सगळी?”

“सगळी.”