सहाव्या दिवसाचा केक

वंदना गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. दुपारपर्यंत नंदनवन वस्तीतल्या घराचं अंगण भरलं. जो येई तो मनोहररावांना एकच विचारी.

"अश्विनले कळवलं का?"

"ते मी पाहतो."

मोबाईल घेऊन ते गच्चीवर गेले. दहा मिनिटांनी खाली आले. डोळे लाल होते.

"काय म्हणे पोरगा?" मोठ्या बहिणीनं, मनकर्णाबाईंनी विचारलं.

"तो येत नाही."

"येत नाही म्हंजे? आई मेली गा त्याची!"

"त्याले येता येत नाही, ताई. वाट पाहू नका. उचला."

अग्नी मनोहररावांनीच दिला. एकुलता एक मुलगा असून अग्नी द्यायची वेळ नवऱ्यावर आली, हे घाटावर सगळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी धाकटा भाऊ केशव फोटोपुढच्या दिव्याजवळ बसून धुमसत होता. "तीन वर्षांपासून कॅनडा कॅनडा. सुपरवायझर आहे म्हणे. सुपरवायझरले चार दिवसाची सुट्टी भेटत नाही? थांबा, मीच लावतो फोन. शिव्याच देतो साल्याले."

मनोहररावांनी त्याच्या हातातला मोबाईल काढून घेतला.

"कोणी लावायचा नाही. आजपासून या घरातलं कोणी त्याच्याशी बोलायचं नाही. फोन नाही, मेसेज नाही. ज्याले बोलायचं आहे त्यानं माझ्या दारात पाय ठेवू नये."

त्यांचा असा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता. केशवला बरं वाटलं. बापाचंही डोकं फिरलं तर.

गुरुजींनी नियम सांगितले. मुलाची चौकशी केली. "परदेशात असला तरी सुतक चुकत नाही. ऐकल्यापासून दहा दिवस. गोडधोड नाही, सणवार नाही." मनोहररावांनी मान हलवली.

वंदनाचा मोबाईल ते रोज चार्जिंगला लावत.

"आता कोणाले पायजे तो?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

"राहू दे."

सहाव्या दिवशी केशवचा मुलगा विहंग धावतच आला. "मोठे बाबा, हे पाहा. दादाचं स्टेटस."

फोटोत अश्विन केक कापत होता. बाजूला चार पोरं उभी होती. तो तोंडभर हसत होता.

मोबाईल हातोहात फिरला. मनकर्णाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आईची राख थंडी नाही झाली आन् हा केक कापून राहिला! सुतकात!"

"याच्यासाठी वहिनी रोज देवापुढं बसे," केशव म्हणाला. "मेला तो आपल्यासाठी."

सगळे मनोहररावांकडे पाहत होते. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"नालायक निघाला," ते म्हणाले. "ब्लॉक कर त्याले, विहंग. माझ्यासमोर कर."

विहंगने ब्लॉक केलं. केशवने केलं. मनकर्णाबाईंनी आपला मोबाईल विहंगपुढे धरला. "माह्यातूनही काढ त्याले."

विहंगची स्वतःची फाइल महाल भागातल्या एका एजंटकडे होती. त्यालाही कॅनडालाच जायचं होतं. त्या दुपारी मनोहररावांनी त्याला जवळ बसवलं.

"एजंट काय म्हणते?"

"इंजिनिअरची नोकरी. वर्षभरात कायमचे कागद."

"अश्विनलेही असंच म्हणे. तुहा दादा कोंबड्यांच्या कारखान्यात आहे. दहा तास थंडीत उभा राहून कोंबड्या कापते. तळघरात सहा जण राहतात. सुपरवायझर आहो हे त्यानं आईले सांगितलं होतं, तिच्या समाधानासाठी. परमिट संपलं, नवा अर्ज टाकला आहे. उत्तर येईपर्यंत देशाबाहेर पाय टाकला का परत घेत नाहीत. तीन वर्षं पाण्यात. आई मेली तरी."

"तुम्ही अजूनही त्याचीच बाजू घेऊन राहिले का?"

"तुले सांगून राहिलो. हे सारं धरून जायचं असंल तर जा."

केशव आतून ओरडला. "भाऊ, स्वतःचं पोरगं वाया गेलं म्हणून माह्या पोराले भेव नका दाखवू! जळून राहिले काय?"

मनोहरराव उठून बाहेर गेले.

रविवारी ते पुन्हा मोबाईल घेऊन गच्चीवर गेले. गच्चीचं दार त्यांनी मागून लावून घेतलं होतं, पण खाली उतरताना जिन्यात मनकर्णाबाई उभ्या होत्या.

"त्याचाच फोन होता ना? आम्हाले बंदी आन् तुले सूट काहून गा?"

"बाप आहो, ताई."

"आईचं विचारलं तरी का त्यानं?"

"विचारलं."

"मग?"

"मग काही नाही."

दहाव्याला सगळे रामटेकला गेले. मुलाच्या जागी विहंगने मुंडण केलं. तेही लोकांनी पाहिलं. तेरवीला पंगत बसली. वाढणाऱ्याच्या, जेवणाऱ्याच्या तोंडी अश्विनच होता. कोणी कृतघ्न म्हणालं, कोणी दगड. मनोहरराव पाणी वाढत फिरले. कोणाला अडवलं नाही.

चारच्या सुमारास घर रिकामं झालं. केशव निरोप न घेताच गेला.

मनोहरराव खाटेवर बसले होते. वंदनाचा मोबाईल वाजला. तिकडे आत्ता सकाळ होत होती. अश्विन ड्यूटीवर निघायच्या आधी मेसेज टाकत असे.

'आई, बाबा म्हणाले तुझा घसा अजून बसलेलाच आहे. आराम कर. पण केक आवडला का ते तरी लिही. तुझा वाढदिवस पहिल्यांदाच केला कोणीतरी. कागद आले की पुढचा घरीच करू.'

मनोहररावांनी चष्मा लावला. एकेक अक्षर शोधून लिहिलं, 'आवडला. वेळेवर जेवत जा. आई.' आणि मोबाईल परत चार्जिंगला लावला.

बाकी सगळं उरकलं होतं. अश्विनला कळवायचं तेवढं राहिलं होतं.