पुऱ्या झालेल्या गोधड्या

समरजितने चादर ओढली आणि दिवाणावर रचलेल्या आठ गोधड्या सगळ्यांसमोर आल्या. सगळ्या पुऱ्या. कडा नीट दुमडलेल्या, टाके सरळ, एकही दोरा कुठे लोंबत नव्हता. अकोट्याच्या त्या फ्लॅटमध्ये जमलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या पंचाहत्तरीसाठी हे सगळं चाललं होतं, त्या त्याच्या आई जिजाबाई मात्र हातातला पेढा तसाच धरून बसून राहिल्या.

बेत सगळा सुनेचा, रूपालीचा. जिजाबाईंना गोधडी सुरू करायची भारी हौस, आणि हौसेला मोल नसतं. पुरी करायचा योग मात्र त्यांच्या कुंडलीतच नव्हता. घरात कुणाचा सदरा फाटला, कुणाची साडी विरली, की हातातली गोधडी बाजूला पडायची आणि नवी मांडली जायची. कपाटावर गठ्ठा, पलंगाखाली गठ्ठा, वॉशिंग मशीनवरही एक. कुणी आलं तर आधी खुर्चीतली गोधडी उचलावी लागे, मग बसा म्हणता येई. गेला महिनाभर जिजाबाई लेकीकडे इंदूरला होत्या. तेवढ्यात रूपालीने सगळे गठ्ठे रिक्षात घालून एका शिलाई मशीनवाल्याकडे नेले, त्याच्याकडे दहा खेपा घातल्या आणि सासूबाई परत यायच्या आत काम पुरं करून घेतलं.

लग्नाला तिच्या चोवीस वर्षं झाली होती. सासूबाई तिला कधी टाकून बोलल्या नव्हत्या, पण शाब्बास असंही कधी म्हणाल्या नव्हत्या. आज तेवढं ऐकायला मिळेल म्हणून ती चहाचा ट्रे घेऊन त्यांच्यासमोरच उभी होती.

शेजारच्या गुजराती कोमलबेनने एक गोधडी गालाला लावून पाहिली. "बहु सरस थयुं, माजी," ती म्हणाली. "हवे तो आराम ज आराम. आता काही कामच उरलं नाही तुम्हाला."

जिजाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग वरची गोधडी मांडीवर घेऊन बोट फिरवलं. त्यांच्या हाताखाली गोधडी कडेने सुरू व्हायची आणि फेऱ्या घेत घेत मध्याकडे यायची. मशीनवाल्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या रेघा मारल्या होत्या. कोपऱ्यातला हिरवा तुकडा तर शोभतोय का बघावा म्हणून त्यांनी सहज टाचून ठेवला होता. तोही आता कायमचा बसला होता. छान आहे, एवढं म्हणून त्यांनी गोधडी घडी केली आणि चहात साखर कमी आहे म्हणून सांगितलं. रूपालीचा चेहरा एवढासा झाला.

पाहुणे गेल्यावर ती कप विसळत स्वयंपाकघरातच रेंगाळली. आई पहिल्यापासून तशीच आहे, मनावर घेऊ नकोस, असं समरजितने येऊन सांगितलं. पण मनावर घ्यायचं नाही तर घ्यायचं कुठे, हे काही त्याने सांगितलं नाही. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून कर्र कर्र आवाज यायला लागला. रूपाली हात पुसत बाहेर आली.

जिजाबाई चष्मा लावून चटईवर बसल्या होत्या. हातात ब्लेड होतं. एक गोधडी निम्मी उसवून झाली होती आणि मांडीवर दोऱ्यांचा पुंजका जमला होता.

रूपालीचे डोळे भरून आले. "आईसाहेब, आवडल्या नव्हत्या तर तसं सांगायचं होतं."

"आवडल्या ना. म्हणून तर सगळ्यांना बघू दिल्या आधी." त्यांनी आणखी एक टाका कापला. "पण तूच सांग, या सगळ्या पुऱ्या झाल्या तर उद्या सकाळी उठून मी करू काय?"

घरातल्या सगळ्यांनी मिळून, पेढे वाटून, टाळ्या वाजवून या बाईला रिटायर केलं होतं, आणि ते फक्त जिजाबाईंच्याच लक्षात आलं होतं. रूपाली खाली चटईवर बसली. मी पण उसवू का, असं तिने विचारलं. घाईत कापड फाडशील, असं म्हणून जिजाबाईंनी तिला नुसतं बसायला सांगितलं. सगळ्या पुन्हा व्हायला किती दिवस लागतील हे तिने भीत भीत विचारलं, तेव्हा सहज सहा-सात वर्षं जातील, असं त्या म्हणाल्या. ते सांगताना त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा खुलला.

इतक्यात करजणहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. हात गुंतलेले, म्हणून रूपालीने स्पीकर लावून फोन चटईवर ठेवला. बहिणीने शुभेच्छा एका दमात उरकल्या आणि ती आपल्या सुनेवर आली. सुनेने यंदा तिला पाय दाबायचं मशीन आणून दिलं होतं, द्वारकेचं तिकीटही काढलं होतं. जिजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

मग त्या म्हणाल्या, "माझ्या सुनेने माझ्या आठच्या आठ गोधड्या पुऱ्या करून आणल्या. महिन्याभरात. मला पत्ता लागू दिला नाही."

रूपालीने मान वर केली. जिजाबाईंचं लक्ष मात्र टाक्यातच होतं.

पलीकडून बहिणीने विचारलं, हा कर्र कर्र आवाज कसला येतोय.

"उसवतेय. सगळ्या उसवणार आहे."

"अगं आक्का, मग फायदो शुं, काय उपयोग झाला?"

"ते राहू दे," जिजाबाई म्हणाल्या. "तुझ्या सुनेला सुचलं असतं का?"