तीन फूट माती

“सांगून कुणाला पटणार नाही,” म्हातारा खुरपं हातात तोलत म्हणाला, “पण काल इथंच एक गांडूळ निघालं, माझ्या अंगठ्याएवढं जाड. मला बघून पळालं नाही. उलट जरा सरकून खुरप्याला जागा करून दिली.”

“मग आज त्यालाच हाक मारा, बाबा,” मुलगा म्हणाला.

फरशीवाला टेप उघडून उभा होता. सगळं अंगण मापून झालं होतं, भिंतीलगतची तीन फुटांची पट्टी तेवढी राहिली होती. बापलेकांचं ठरलं होतं ते असं: त्या पट्टीत आज जिवंत गांडूळ दिसलं तर तेवढी माती उघडी ठेवायची, नाहीतर तिच्यावरही फरशी. मागच्या महिन्यात म्हातारा याच अंगणात घसरून पडला होता. मुलाचं अगदीच चुकत नव्हतं.

पट्टी म्हाताऱ्याच्या बायकोची. तीस वर्षं ती म्हणत आली, तणाला औषध मारू नका, मी हातानं उपटते. तीस वर्षं हा पाठीला पंप लावून मारत आला आणि अंगण कसं लख्ख दिसतं ते शेजाऱ्यांना बोलावून दाखवत आला. ती गेली त्या आठवड्यात त्यानं पंप भंगारात दिला. मग वर्षभर त्या पट्टीत पालापाचोळा अंथरला, भाज्यांची सालं पुरली, उन्हात ओलं गोणपाट घातलं. तरी खुरपं मारलं की विटेवर आपटल्यासारखंच वाजायचं.

त्यानं पाला बाजूला सारला, खुरपं घातलं. एक ढेकूळ उलटलं आणि खाली गांडुळांचा पुंजका वळवळला.

“बघ! म्हटलं नव्हतं?”

फरशीवाला उकिडवा बसला. एक गांडूळ चिमटीत धरून त्यानं उन्हात पाहिलं.

“काका, ही गळाला लावायची. माझा भाऊ तळ्यावर भुशात घालून विकतो. अंगाला भुसा आहे अजून. सकाळीच सोडलीत ना?”

मुलानं मान फिरवली. म्हातारा खड्ड्यावर वाकला. मग बोटानं एकेक गांडूळ बाजूला करू लागला.

“मी पाच सोडली होती,” तो पुटपुटला.

“काय?”

“पाचच. ही सहा आहेत.”

“झालं, पुन्हा सुरू! पुरे आता, बाबा.”

“या वेळी खरं सांगतोय रे.”

फरशीवाल्यानं वाकून पाहिलं. खड्ड्याच्या कडेला, भेगेत, एक बारीक मातकट गांडूळ होतं. अर्धं अजून मातीतच. त्यानं ते ओढलं नाही. उलटलेलं ढेकूळ उचलून अलगद जागेवर ठेवलं, आणि टेप सोडली. ती सर्रकन डबीत गेली.

“हे आमच्याकडचं नाही, काका.”