गळ्यातलं हाड

"ते हाड तिच्या गळ्यातून काढ, नाहीतर मी काढतो!" म्हातारा ब्रू वर्गाच्या दारातून गरजला.

चाळीस माना वळल्या. मास्तर तेओदोरने खडू खाली ठेवला आणि फ्रेंचमध्ये काहीतरी सुनावलं. ब्रूला त्यातलं अक्षर कळलं नाही. त्याला फक्त बाउले ही मायबोली येत होती. गावालाही तीच येत होती, आणि सत्तर वर्षांत तेवढ्यावर त्याचं काही अडलं नव्हतं.

त्याची नात आमेनान तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसली होती. गळ्यात सुतळी, सुतळीला बैलाच्या जबड्याचं हाड. शाळेचा नियमच तसा होता. जो बाउलेत बोलेल त्याच्या गळ्यात हाड. मग त्याने दुसऱ्या कुणाला तरी बोलताना पकडायचं आणि हाड त्याच्या गळ्यात घालायचं. शाळेत, रस्त्यात, घरीसुद्धा. शनिवारी शेवटच्या घंटेला ज्याच्या गळ्यात हाड असेल, त्याला परीक्षेला बसता येत नसे. हा नियम ज्याने काढला त्याच्या घरी आई नसावी. आज शनिवार होता.

आणि पोरीचा गुन्हा काय? बुधवारी ब्रू मागावर विणत बसला होता आणि पायाशी साप आला. "नाना, साप!" ती ओरडली. नानाचा जीव वाचला. पण कुंपणापलीकडे शेजारची पोर हाड घालून टपलेलीच होती. साप मरायच्या आत हाड इकडे आलं.

तेव्हापासून आमेनानने घरात चकार शब्द काढला नव्हता. रोज संध्याकाळी आठ पायांच्या लबाड कोळ्याच्या गोष्टीसाठी नानाचं डोकं खाणारी पोर, आता जेवायला हाक मारली तरी नुसती मान हलवायची. हाड एक वेळ ब्रूने सोसलं असतं. त्या मुकेपणाने मात्र त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"मास्तर, सापाला फ्रेंच येत नव्हती," तो म्हणाला. "मलाही येत नाही. मग पोरीने सांगायचं कुणाला?"

पोरं फिसकन हसली. मास्तरने टेबलावर पट्टी आपटली आणि दाराकडे बोट दाखवलं.

ब्रू जागचा हलला नाही. तो नुसता भांडायला आला नव्हता. पोरं एकमेकांना कशी पकडतात हे त्याने पाहिलं होतं. दुखऱ्या पायावर पाय द्यायचा, की तोंडातून आईची भाषा निघते. मास्तरचा दुखरा पाय कुठला, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"तुझा बाप ताडावरून पडला," तो सावकाश म्हणाला. "वर्ष झालं, खाटेवर आहे. तू एकदाच गेलास. दारात उभं राहून फ्रेंचमध्ये विचारपूस केलीस म्हणे, सोबत शाळेचे साहेब होते म्हणून! म्हातारा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, माझा लेक त्या दिवशी काय म्हणाला रे?"

"गप बस, थेरड्या!" मास्तर किंचाळला. "माझ्या बापाचं नाव काढलंस तर जीभ हासडून हातात देईन!"

अस्सल बाउले. मास्तरने तोंडावर हात ठेवला, पण तोवर उशीर झाला होता.

"झालं!" ब्रूने मांडीवर थाप मारली. "चाळीस साक्षीदार आहेत. ऊठ, आमेनान. नियम म्हणजे नियम. घाल त्याच्या गळ्यात!"

आमेनान उठली. तिने सुतळी गळ्यातून काढली आणि हाड दोन्ही हातांत धरून ती मास्तरसमोर जाऊन उभी राहिली. मास्तरची मान आपोआप खाली गेली.

पण ती हाड तसंच हातात घेऊन त्याच्या पुढ्यातून निघाली आणि दारापर्यंत आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खाली वाक, अशी तिने नानाला हाताने खूण केली. पोर गळ्यात पडणार म्हणून ब्रू हसत वाकला.

तिने हाड त्याच्या गळ्यात घातलं. मग बुधवारनंतर पहिल्यांदाच ती आपल्या नानाशी बोलली, चांगली दोन-तीन वाक्यं, कुठेही न अडखळता. त्यातला एक शब्दही ब्रूला कळला नाही.