उंबऱ्यावरचा पाय

"ये, ये, आत ये टोबी," म्हणत वर्जिलने जाळीचं दार उघडलं. वन्यजीव खात्याच्या टोबीने आत यायला पाय उचलला.

"पाय बाहेर ठेव," स्वयंपाकघरातून इमोजीनचा आवाज आला. साबणाचे हात तसेच घेऊन ती नवऱ्याशेजारी येऊन उभी राहिली.

टोबी एका पायावर तसाच. "काकू, तुम्ही घरात रॅकून पाळलाय अशी तक्रार आहे. परवान्याशिवाय चालत नाही ते. काका तर ये म्हणतायत."

"म्हणणारच. तक्रार त्यानंच केली असणार."

वर्जिलने छताकडे पाहिलं. फोन त्यानेच केला होता. इमोजीनने बाटलीने दूध पाजून वाढवलेल्या बिस्किट नावाच्या त्या रॅकूनने आज सकाळी त्याची कवळी पळवून कॉफीच्या कपात धुतली होती. माणसाच्या सोसण्यालाही काही हद्द असते.

"घर माझंही आहे," इमोजीन म्हणाली. "माझ्या घराची उगीच झडती नाही घेता येत. राज्यघटनेत आहे ते, टोबी."

टोबीने मुकाट्याने पाय पायरीवर ठेवला. "खरंय काकू. दोघांतलं एक जण जरी समोर उभं राहून नाही म्हणालं, तरी वॉरंट लागतं. काकांनी तक्रारीवर सही केली की जज देतील. संध्याकाळी येतो."

"नेऊन डोंगरात सोडशील ना त्याला?" वर्जिलने विचारलं.

टोबी टोपीशी चाळा करू लागला. "माणसाळलेला सोडता येत नाही, काका. रेबीजची भीती असते. मारावा लागतो."

वर्जिलने जाळीचं दार अर्धं ओढून घेतलं. तेवढ्यात आत झाकण पडल्याचा खणखणाट झाला.

"काय पडलं?" टोबीने विचारलं.

"ते बघायला तुला वॉरंट लागेल," वर्जिल म्हणाला.

"अहो, पण फोनवर तुम्हीच..."

"तेव्हा माझ्या तोंडात दात नव्हते. तू भलतंच काहीतरी ऐकलंस. सहीबिही काही मिळायची नाही."

टोबीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, हसू दाबलं आणि टोपी चढवून जीपकडे निघाला.

इमोजीनने नवऱ्यासाठी ताजी कॉफी ठेवली. वर्जिल खुर्चीत टेकतो न टेकतो तोच बिस्किट फडताळावरून उतरला, त्याच्या मांडीवर चढला आणि पेपरमिंटच्या गोळीसाठी दोन्ही पंजांनी खिसे चाचपू लागला.

वर्जिलने हात वर केले. "हा बघ, वॉरंटशिवाय झडती घेतोय."

"मग नाही म्हण की त्याला."

वर्जिलने हात तसेच वर ठेवले.

"उजवा फाटलाय रे," तो म्हणाला. "डाव्यात बघ."