चाक घासतंय

चढ सुरू झाला आणि थोरलीची खात्रीच पटली. तिच्या सायकलला कोणीतरी काहीतरी केलं होतं. पुढचं चाक प्रत्येक फेऱ्याला 'खस्स' करत होतं, जणू मागून कोणी पदर धरून ठेवलाय.

कोणीतरी कशाला, धाकटीनेच. पहाटे थोरली पाण्याची बाटली भरायला उठली, तर ही तिची जाऊ तिच्याच सायकलपाशी उकिडवी बसलेली. बोटं काळीकुट्ट. थोरलीला पाहताच दचकून उभी राहिली. "काही नाही ताई, हवा बघत होते."

हवा बघताना बोटं काळी होतात होय?

हंगामाची ही पहिलीच शर्यत. डोंगर चढायचा आणि पलीकडे उतरायचं. एकेकीला मिनिटामिनिटाने सोडतात. जिला सगळ्यात कमी वेळ लागला ती जिंकली. आजवर थोरलीच जिंकत आली होती. धाकटी लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला उतरलेली चेन चढवता येत नव्हती. थोरलीनेच हाताला धरून शिकवलं. मागच्या हंगामात धाकटीचा पहिला नंबर थोडक्यात हुकला. तेव्हापासून सासूबाई चहा गाळता गाळता सहज म्हणायच्या, "यंदा धाकटीच हो." गुरूची विद्या गुरूला!

थोरलीने मान वळवली. मागून सुटलेल्या धाकटीचं लाल हेल्मेट खालच्या वळणावर दिसत होतं. जवळ येत होतं. येणारच! थांबून चाक बघावं तर वेळ जातो, न बघावं तर दम जातो.

"गोड बोलून गळा कापलास गं," थोरली पुटपुटली आणि दातओठ खात उभ्यानेच पेडल मारू लागली.

माथ्यावर दोघींत हाकेचंही अंतर उरलं नव्हतं. मग उतार लागला. उतारावर थोरली कोणाच्या बापाला ऐकत नसे. तिने सायकल मोकळी सोडली. एक वळण घेतलं आणि समोर रस्ताभर मेंढरं! तिने दोन्ही ब्रेक करकचून दाबले. सायकल जागच्या जागी थांबली. हातभर अंतरावर कठडा, पलीकडे दरी. मेंढरं पांगली, ती निघाली. डोक्यात राग एवढा की भ्यायलाही सवड नव्हती.

शेवटची रेषा ओलांडली ती थेट पंचांकडेच गेली. "माझ्या सायकलला घरातल्याच माणसाने हात लावलाय. येऊ दे तिला, तोंडावर सांगते."

पंचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी चाक उचलून फिरवलं. "घासतंय खरं. ब्रेकचे रबर नवे कोरे आहेत, घाईत बसवलेत. केव्हा बदलले?"

"मी? मी नाही बदलले."

धाकटी काही येईना. तिच्या मागून सुटलेल्याही एकेक करून आल्या. थोरलीला ती मेंढरं आठवली, तो कठडा आठवला, आणि ती रेषेपाशी जाऊन रस्ता बघू लागली.

बऱ्याच वेळाने धाकटी आली. सायकल हातात धरून, चालत. अंगावर ओरखडाही नव्हता. पंचांनी वाकून तिचे ब्रेक पाहिले. "अहो, हे तर झिजून गुळगुळीत झालेत!"

थोरलीने ते रबर ओळखले. ते तिचेच होते. मागच्या हंगामानंतर तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

"पहाटे लक्षात आलं माझ्या," धाकटी म्हणाली. "दुकानं बंद. मग माझे काढून तुमच्या सायकलला लावले. मला चढच आवडतो, आणि चढायला ब्रेक कशाला लागतात? उतार चालत आले."

"अगं, मग सांगायचं नाही का?" थोरलीचा आवाज चिरकला.

धाकटीने खाली पाहिलं.

"सांगितलं असतं, तर माझ्या हातचे घेतले असते का तुम्ही, ताई?"